आनंदाची सक्ती

घरात पाळणा हलला की बाळंतिणीच्या देहाची आपण केवढी काळजी घेतो! शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला वारा लागू नये म्हणून बांधलेला रुमाल. काही उणे राहत नाही. तिच्या मनाची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. त्याने आनंदातच असावे, असा घराचा हुकूम असतो. आणि ते नसले तर? ‘ही आई कसली!’ असा निवाडा होतो. बहुधा तो सर्वांआधी तीच स्वतःविरुद्ध देते.

हा निवाडा न्यायाचा आहे काय?

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणे पुष्कळजणींना घडते. पंधरवड्यात ते आपोआप ओसरते. पण उदासी त्याहून लांबली, बाळ निजले तरी झोप येईना, अन्नावरची वासना उडाली, बाळाकडे पाहून काहीच वाटेनासे झाले, तर तो आजार समजावा. गोव्यातील २७० मातांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळ दीड-दोन महिन्यांचे असताना शंभरांत तेवीस मातांना हा आजार होता. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांनी त्याचा धोका वाढलेला दिसला. म्हणजे ज्याचा दोष आपण आईच्या पदरात टाकतो, त्यातले काही घरानेच पेरलेले असते!

‘आमच्या आज्यांना कुठे होते हे?’ असे कोणी विचारील. होते, पण तेव्हा त्याला ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे लावीत.

हा आजार ओळखण्यासाठी १९८७ साली एडिंबरो येथे दहा प्रश्नांची एक यादी तयार झाली. स्वतःला नाहक दोष देणे हेही तीत एक लक्षण मानले आहे. तेव्हा ‘मी वाईट आई आहे’ हे बाळंतिणीचे शब्द पापाची कबुली म्हणून ऐकू नयेत. अंगातल्या तापासारखे ते पाहावेत.

मनात आनंदाचा कण नसताना रात्री तीनदा उठून जी बाळाला पाजते, तिचे आईपण कमी कसे? मात्र तिचे कौतुक करून थांबणे हीही क्रूरताच. या आजारावर उपचार आहेत. जाणकारापाशी मन मोकळे केल्याने अनेकींना उतार पडतो. लागल्यास औषधे असतात, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे डॉक्टर निवडून देतात. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. ती जिवाचे बरेवाईट करण्याचे किंवा बाळाला इजा करण्याचे बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, तर तिला एकटी न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

या दिवाळीत बाळ पाहायला जाल, तेव्हा झबले-टोपडे अवश्य न्या. पण बाळ दुसऱ्या कुणाच्या मांडीवर देऊन घटकाभर तिच्यापाशी बसा. ‘बरी आहे’ या तिच्या पहिल्या उत्तरावर उठू नका.