समदृष्टी आणि विषम वर्ग

शिक्षकाने सर्व विद्यार्थ्यांकडे समदृष्टीने पाहावे, असे आपण सहज म्हणून जातो. हे वचन कोणास अमान्य होण्यासारखे नाही. परंतु ज्याच्यासमोर विषम तयारीचा वर्ग प्रत्यक्ष बसलेला आहे, त्याला त्याचा अर्थ लावताना पंचाईत पडते. सर्वांस एकच प्रश्न विचारणे ही समदृष्टी, की ज्याला जो पेलेल तो विचारणे ही समदृष्टी? पुण्याजवळच्या एका आंतरराष्ट्रीय महाविद्यालयात मी पुष्कळ वर्षे फ्रेंच शिकवीत आहे, आणि सुट्टीत दारव्ह्यास घरी आलो म्हणजे हा प्रश्न माझ्याबरोबर येतो. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरची आमची ‘शकुंतला’ धावत होती तेव्हा घाई असलेला आणि नसलेला असे दोघेही एकाच संथ वेगाने दारव्ह्यास पोहोचत. ती गाडी आता बंद आहे. आणि वर्ग तर तसा कधीच चालविता येत नाही.

आमचा वर्ग नवशिक्यांचा म्हणून मांडलेला असतो. पण ‘नवशिका’ हा शब्द मोठा लवचिक आहे. एकाने शाळेत दोन वर्षे फ्रेंच घेतलेले असते व गुणांच्या लोभाने तो ते बोलून दाखवीत नाही. दुसऱ्याचे बालपण वडिलांच्या नोकरीनिमित्त ट्युनिसमध्ये गेलेले, त्यामुळे बाजारातले फ्रेंच त्याच्या कानात आधीच बसलेले. काही वर्षांपूर्वी अशा वर्गात आमच्याच दारव्हा तालुक्यातील एका तांड्यावरची मुलगी शिष्यवृत्तीवर आली. घरी गोरमाटी, शाळेत मराठी, कष्टाने मिळविलेले इंग्रजी, आणि आता ही चौथी भाषा. माझ्या गावाकडची म्हणून मला तिच्याविषयी ममत्व वाटले, हे कबूल केले पाहिजे. मी तिला जपू लागलो. तिला नाव विचारावे, वार विचारावा, दिव्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते विचारावे. वाक्यरचनेचे प्रश्न मात्र इतरांकडे वळवावेत. ती बरोबर उत्तर देई, मी शाबासकी देई, आणि आपण न्याय केला असे समाधान मानून पुढे जाई.

एके दिवशी तास संपल्यावर ती थांबली व म्हणाली, “सर, तुम्ही मला विचारता त्याचं उत्तर मला तुम्ही विचारायच्या आधीच येत असतं.” तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

अ‍ॅरिस्टॉटलने न्यायाचा विचार करताना समानांस समान व विषमांस विषम असे माप सांगितले आहे. मी त्याच मापाने चाललो होतो. परंतु कोण समान आणि कोण विषम हे ठरविणारा मीच होतो, आणि ते मी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकले होते. सोपा प्रश्न ही दया दिसते. वस्तुतः तो एक निकाल असतो, आणि ज्याच्याविरुद्ध तो लागतो त्याला तो वाचून दाखविला जात नाही.

पुढच्या आठवड्यात भूतकाळाचा पाठ आला. फ्रेंचमध्ये कर्म आधी आले म्हणजे क्रियापदाचे कृदन्त त्या कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. ‘लॅत्र’ म्हणजे चिठ्ठी. तो शब्द स्त्रीलिंगी. म्हणून ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना एरवीचे ‘एक्री’ हे ‘एक्रीत’ होते. इंग्रजीच्या वळणावर वाढलेल्यांना हा नियम जाचक वाटतो, आणि ट्युनिसचा आमचा मुलगा अस्खलित बोले, पण लिहिताना हमखास येथेच अडखळे. मी प्रथमच तिला विचारले. क्षणभर थांबून ती म्हणाली, “लिहिलेलं पत्र, पण लिहिलेली चिठ्ठी. तसंच ना, सर?” मीही मराठीच; इतकी वर्षे हा नियम शिकवीत होतो, पण ही तुलना मला सुचली नव्हती. पुढे ‘त्यु’ आणि ‘वू’ यांतील भेद सांगतानाही तेच झाले. तू आणि तुम्ही यांतले अंतर तिला समजावून देण्याची गरजच नव्हती.

येथे जोसेफ जाकोतोची आठवण होते. १८१८ मध्ये लूव्हँ येथे या फ्रेंच प्राध्यापकापुढे फ्लेमिश विद्यार्थी होते. त्याला फ्लेमिश येत नव्हते, त्यांना फ्रेंच. त्याने फेनेलाँच्या ‘तेलेमाक’ची द्वैभाषिक प्रत त्यांच्या हाती दिली आणि ते आपले आपण पुष्कळ फ्रेंच शिकले. यावरून सर्वांची बुद्धी समान, असा सिद्धान्त त्याने मांडला. १९८७ मध्ये जाक रांसिएर याने आपल्या ग्रंथात त्याला पुन्हा उजेडात आणले. मला हा सिद्धान्त पूर्णपणे पटत नाही. जाकोतोचे विद्यार्थी विद्यापीठापर्यंत पोहोचलेले होते आणि पुस्तकाशी परिचित होते. आमच्या मुलीला लिहिलेले कळे, पण झपाट्याने बोललेले फ्रेंच तिच्या कानातून निसटून जाई. श्रवणाच्या परीक्षेत ती मागे पडली ती पडलीच. बुद्धी समान मानली तरी कानांना मिळालेली वर्षे समान नसतात.

आणि त्या ट्युनिसच्या मुलाचे काय? त्याला मी मागे पडणाऱ्यांजवळ बसवीत असे. सहा महिने तो दुसऱ्यांना शिकवीत होता, स्वतः काही शिकत नव्हता, आणि सुस्वभावी असल्यामुळे बोलला नाही. त्याच्या बापाने पूर्ण फी भरली होती, हा मुद्दा मी गौण मानतो. पण त्याचे सहा महिने गौण कसे मानावेत? त्याचे ऋण माझ्याकडे राहिले आहे, आणि ते कोणत्या तासात फेडता आले असते हे मला अद्याप सांगता येत नाही.

या सुट्टीत पुढच्या सत्राचे प्रश्न काढीत बसलो आहे. पूर्वी मी प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणास विचारायचा त्याचे नाव घालून ठेवीत असे. या खेपेस वही भरत आली आहे. नावांचा रकाना तेवढा कोरा आहे.