चंपाषष्ठी कोणाची : खंडोबाची की स्कंदाची?

शंका : आमचे कुलदैवत खंडोबा असून चंपाषष्ठीस सहकुटुंब सातारा गावच्या देवळात जाण्याची आमच्या घरची वहिवाट आहे. पंचांगात त्याच तिथीस स्कंदषष्ठी छापलेली दाखवून आमच्या गुरुजींनी सांगितले, की हा दिवस वस्तुतः कार्तिकस्वामीचा, सबब सुनेने दर्शनास येऊ नये. शिवाय गतवर्षी ऐन षड्रात्रात सुतक आल्याने घट अर्धवट राहिला, त्याचा देवाला कोप असून शांती केल्यावाचून तो उतरणार नाही. शांतीचा खर्च बराच आहे. काय करावे?
— एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

समाधान : पंचांगकर्ता चुकलेला नाही, आणि आपले घराणेही चुकत नाही. काशीनाथ उपाध्यायांनी पंढरपुरास रचलेला ‘धर्मसिंधु’ आम्ही अशा बाबतींत प्रमाण मानतो. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी महाराष्ट्रात चंपाषष्ठी म्हणून प्रसिद्ध आहे आणि हीच स्कंदषष्ठी, असे दोन्ही त्यात शेजारी शेजारी नमूद आहे. त्या ग्रंथकाराला त्यात विरोध दिसला नाही. तिथी म्हणजे कोणा एका देवाला सनद करून दिलेले इनाम नव्हे. मणी आणि मल्ल या दैत्यांचा संहार करण्यासाठी मार्तंडभैरवाचे रूप घेणारा शंकर हा बाप, आणि स्कंद हा त्याचा लेक. बापलेकांनी एका तिथीस पूजा घेतली तर भक्ताने कोड्यात पडण्याचे कारण नाही. दक्षिण कर्नाटकात कुक्के सुब्रह्मण्य येथे याच षष्ठीस स्कंदाचा रथ ओढतात, आणि तेथेही तिला चंपाषष्ठीच म्हणतात.

आता सुनेविषयी. कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, म्हणून स्त्रियांनी त्याचे मुख पाहू नये, ही समजूत आपल्या मुलखातली. तमिळ देशात तोच देव वल्ली आणि देवसेना या दोघी भार्यांसह उभा असतो आणि तेथील सुवासिनी मस्तकावर दुधाचे कलश घेऊन त्याच्या दर्शनास जातात. आमच्या खंडोबाच्या बाजूला तर म्हाळसा आणि बाणाई आहेत. ज्याच्या दारी धनगराची लेक राणी होऊन राहिली, त्याच्या दारातून आपल्या सुनेला माघारी धाडणारे हे गुरुजी कोण?

कोपाच्या प्रकरणाचा मात्र आम्हाला खरोखर संताप येतो. आरंभिलेल्या व्रतास सुतकाची बाधा होत नाही, घरच्यांनी शिवू नये एवढेच, पूजा दुसऱ्याच्या हातून करवावी, हा दंडक प्रत्येक पुरोहितास तोंडपाठ असतो. गतवर्षी, ज्या वेळी तो सांगावयाचा होता त्या वेळी मौन धरावे, आणि वर्ष उलटल्यावर देवाच्या नावाने थकबाकीचा तगादा लावावा, ही वसुली झाली. हिला पौरोहित्य म्हणवत नाही. दक्षिणा घेण्यास आमची हरकत नाही. विधी करणाऱ्याचे पोट आहे, आणि श्रमाचा मोबदला मागण्यात लाज कसली? परंतु भीती विकून घेतलेला पैसा दक्षिणा या सदरात पडत नाही.

आणि ही भीती नुसत्या खिशावर थांबत नाही. याच खंडोबाच्या कोपाचा धाक घालून, नवस फेडण्याच्या नावाखाली, पोटच्या मुली मुरळी म्हणून देवाला वाहिल्या जात, आणि त्यांच्या उभ्या आयुष्याचे काय होई ते सर्वांना ठाऊक असूनही भंडारा उधळणाऱ्यांचे हात थांबत नसत. मुंबई इलाख्यात मुली देवाला वाहण्यास १९३४ च्या कायद्याने बंदी झाली. म्हणजे जे धर्माच्या रखवालदारांनी करावयाचे, ते सरकारला करावे लागले. तेव्हा कोणी पुरोहिताने त्या मुलींसाठी शांती सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हा देव असा खुनशी नाही, याला त्याचे ताटच साक्षी आहे. इतर देवांच्या नैवेद्यात ज्या कांद्या-लसणाला मज्जाव, तो येथे वांग्याच्या भरतात बिनदिक्कत पडतो. सोबत नव्या बाजरीचा रोडगा आणि कांद्याची पात. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे पुष्कळ घरांत याच दिवशी पुन्हा ताटात येते, आणि पहिला घास कुत्र्याला जातो. खळ्यावर जे नुकते आले, रानात जे मुबलक आहे, तेच मागणारा हा धनगर-कुणब्यांचा धनी. जेजुरीस मुसलमानही त्याला मल्लूखान म्हणून आपला मानत आले. मार्गशीर्षात बाजरी घरात येते म्हणून हा उत्सव मार्गशीर्षात रंगतो, असे आमचे मत आहे. पुराणातली दैत्यवधाची कथा आम्ही नाकारत नाही, पण शेतकऱ्याच्या घरी सणाला देवाइतकाच हंगामही हजर असतो, आणि पंचांग उघडून देवांची वाटणी करीत बसणाऱ्यांना हा हंगाम कधी दिसत नाही.

तेव्हा शांती करू नये. प्रतिपदेस नेहमीप्रमाणे घट बसवावा, सहा दिवस माळ आणि नंदादीप चालवावा, षष्ठीस तळी भरावी आणि सुनेला बरोबर घेऊन साताऱ्यास जावे. कधी षष्ठी दोन दिवसांत विभागली गेली, तर ज्या दिवशी रविवार वा मंगळवार, शततारका, वैधृती यांपैकी अधिक योग जुळतात तो दिवस धरावा, असे ‘धर्मसिंधु’ सांगतो. एवढा हिशेब करणे नको असेल, तर देवळात यात्रा ज्या दिवशी भरेल तोच दिवस आपला समजावा.