शिवणीतली माया

शिंपीकामात 'माया' हा एक जुना शब्द आहे. दोन कापडे जोडताना टाक्याच्या पलीकडे जे जादा कापड आत राखून ठेवतात, त्याला माया म्हणतात. 'पोराच्या सदऱ्याला जरा माया ठेवा, पुढच्या वर्षी उसवून सैल करता येईल,' असे शिंप्याला बजावणाऱ्या आया आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. वेदान्त्यांची माया म्हणजे भ्रम, आईची माया म्हणजे जिव्हाळा आणि शिंप्याची माया म्हणजे बोटभर रुंदीची कापडाची पट्टी. पहिल्या दोन मायांवर ग्रंथ लिहिले गेले. तिसरीकडे विचारवंतांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. नीतिशास्त्रातील एका जुन्या प्रश्नाकडे मला याच पट्टीच्या वाटेने जावयाचे आहे. नियम सर्वांसाठी एकच असतो, माणसे मात्र एकासारखी एक नसतात. मग नियम लागू करणाराने निष्ठा राखावी ती कोणाशी? नियमाशी की समोर उभ्या असलेल्या माणसाशी?

उदाहरण म्हणून एक वस्त्र घेऊ. ते आपल्या हवेतले नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील इन्व्हर्नेस या नगराचे नाव लाभलेला हा लोकरीचा ओव्हरकोट १८५०च्या दशकात प्रचारात आला. अंगात जाड लोकरीचा लांब कोट आणि त्यावर गळ्यापासून निघून दोन्ही हात झाकणारी घेरदार केप, असे त्याचे रूप. सिडनी पॅजेट यांनी १८९१पासून 'स्ट्रँड' मासिकात काढलेल्या चित्रांनी, आणि त्यांच्यामागून नाटक-चित्रपटांनी, शेरलॉक होम्सला प्रवासी झग्यात आणि केपवाल्या कोटात असे काही गुंडाळले की आज त्या कोटाकडे पाहिल्यावर प्रथम त्या गुप्तहेराचीच आठवण व्हावी. (केप हा शब्द लॅटिन 'काप्पा'वरून आला. आम्येंच्या वेशीजवळ कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला संत मार्टिन यांनी तलवारीने कापून अर्धा दिला तो हाच काप्पा. तो जपून ठेवण्याच्या जागेला 'कापेल्ला' म्हणू लागले, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून तोच शब्द आपल्या गावोगावच्या कपेलांना मिळाला. नमुन्यावाचून केलेल्या एका कापणीने केवढा वारसा ठेवला!)

पूर्वी असा कोट शिंप्याकडूनच शिवून घ्यावा लागे, आणि बेतण्याची विद्या त्या व्यवसायाच्या उंबरठ्याबाहेर सहसा येत नसे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एबनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या आकारमानांचे कागदी नमुने विकावयास काढले. पुढे १८७०मध्ये जेम्स मॅकॉल या स्कॉटिश शिंप्याने न्यूयॉर्कमध्ये तोच धंदा आरंभिला. पाकिटात घडी घालून ठेवलेला झिरझिरीत कागद, त्यावर पाठ, पुढा, केप, कॉलर यांच्या आकृत्या आणि सोबत सूचनांचा तक्ता. ज्या घरात कोणी शिंपी नव्हता, त्या घरातल्या बाईच्या हाती ही विद्या काही पैशांत आली. मला ही गोष्ट मोठ्या पुण्याची वाटते. ज्ञान कोंडून ठेवण्यापेक्षा ते कागदावर उतरवून दूरवर धाडणे केव्हाही चांगले.

मात्र या सौद्यात एक गोष्ट गेली. दुकानात शिरणारे गिऱ्हाईक कसे चालते, कोणता खांदा उतरता आहे, पाठीला किती बाक आहे, हे शिंपी टेप हातात घेण्यापूर्वीच पाहत असे. आपल्याकडील शिवणवर्गांतही समोरच्या व्यक्तीची मापे घेऊन मगच खाकी कागदावर आकृती काढावयास शिकवतात. विकतच्या नमुन्याने तुम्हांला कधी पाहिलेलेच नसते. तो एका सरासरी देहासाठी काढलेला असतो, आणि असा देह शोधून सापडत नाही. अमेरिकन हवाई दलातील गिल्बर्ट डॅनिअल्स यांनी ४,०६३ वैमानिकांची मापे तपासून १९५२ साली आपला निष्कर्ष मांडला. कपडे बेतण्यास उपयोगी पडणारी दहा मापे त्यांनी निवडली. प्रत्येकात सरासरीच्या आसपासचा बराच रुंद पट्टा 'सरासरी' म्हणून धरला. दहाही मापांत त्या पट्ट्यात बसणारा वैमानिक एकही निघाला नाही!

म्हणून नमुना खोटा ठरतो काय? मुळीच नाही. ॲरिस्टॉटलने 'नीतिशास्त्रा'च्या पाचव्या पुस्तकात याच अडचणीचा ऊहापोह केला आहे. कायदा सर्वसामान्य शब्दांत बोलतो, कारण त्याला तसेच बोलता येते; एखाद्या विशिष्ट प्रसंगी तो उणा पडला, तर दोष कायद्याचाही नाही आणि कायदा करणाऱ्याचाही नाही, तो मानवी व्यवहाराच्या स्वभावातच आहे. अशा वेळी कायदा करणारा स्वतः हजर असता तर त्याने जे सांगितले असते ते करणे, याला त्याने 'एपिकेइया' म्हटले आहे. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची पट्टी वापरीत, ती दगडाच्या आकाराप्रमाणे वळे. हा दृष्टान्त त्याचाच. आपला शिंपी लाकडी गजाने कापड मोजतो, पण माणूस मोजताना गज बाजूला ठेवून टेप घेतो, यात काही निराळे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी हीच कल्पना पुढे नेली. ठेव मागताक्षणी परत करावी हा न्याय्य नियम. परंतु ठेव म्हणून ठेवलेली तलवार तिचा धनी वेडाच्या भरात परत मागू लागला तर ती देणे हाच अन्याय होईल. विशेष म्हणजे त्यांनी एपिकेइयेला न्यायाचाच भाग मानले आहे. न्यायात दयेने पाडलेली सूट अशी ती त्यांच्या लेखी नव्हे. सेमिनरीत हा धडा आम्ही पाठ केला होता. तो हाताने होताना मी पाहिला तो पुष्कळ वर्षांनंतर, स्कॉटलंडमध्ये.

एका हिवाळ्यात तेथील एका लहानशा धर्मग्रामात काही आठवडे सेवा करण्याचा योग आला. चर्चशेजारी राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आपल्या पतीसाठी इन्व्हर्नेस कोट शिवीत होत्या. पती तरुणपणी बॅगपाइप वाजवीत. केपखाली हात मोकळे राहत असल्याने पावसात वाजविणारे पायपर आजही त्या धर्तीची केप वापरतात. पण आता पक्षाघातानंतर त्यांचा उजवा खांदा दोन बोटे खाली आला होता. विकतच्या नमुन्याला दोन्ही खांदे सारखेच ठाऊक! आणि या कोटात तर सारा भार गळ्यावर आणि खांद्यांवर असतो. एक खांदा उतरला की केप त्या बाजूला ओढली जाते, एका बाजूची कड खाली लोंबते आणि पुढचा भाग उघडा पडतो.

बाईंनी लोकरीला लगेच कात्री लावली नाही. प्रथम त्यांनी स्वस्त सुती कापडाचा, आपल्या मांजरपाटासारख्या कापडाचा, कोट कच्च्या टाक्यांनी उभा केला आणि तो पतीच्या अंगावर चढवून टाचण्या लावल्या. नमुन्यात काही ठिकाणी जोडरेघा छापलेल्या असतात: येथे लांबवा किंवा आखूड करा. म्हणजे आपण सर्वांना पुरे पडणार नाही, हे नमुना काढणारालाही ठाऊक असते आणि बदल कोठे सोसेल हे तो सांगून ठेवतो. खांद्याचा उतार मात्र बाईंनी आपल्या जबाबदारीवर बदलला. कोटाचा खांदा जेवढा उतरवला तेवढाच केपचाही उतरवला. असे का, म्हणून मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, खालच्याला सवलत दिली आणि वरच्याला दिली नाही, तर दोघे जन्मभर भांडत राहतील." अपवाद एका जागी केला की त्याचा हिशेब दुसऱ्या जागी चुकवावा लागतो. धर्मग्रामाच्या कार्यालयात बसून लोकांच्या अडचणी ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाक्य सुम्मेच्या पानाइतकेच उपयोगी पडले आहे.

ज्याला त्यांनी हात लावला नाही, अशाही गोष्टी होत्या. नमुन्याच्या प्रत्येक तुकड्यावर एक बाण असतो. तो कापडाच्या उभ्या धाग्याशी समांतर ठेवावा लागतो. बाण थोडा तिरका ठेवला की आणखी एखादा तुकडा कापडात बसतो, पाऊण हात कापड वाचते. पण तो भाग पुढे उरेब होऊन ताणला जातो आणि कोट वर्षभरात पिळवटतो. तशीच लोकरीची लव. ती वरून खाली वाहते. काटकसरीपायी एखादा तुकडा उलटा ठेवून कापला तर टेबलावर काही कळत नाही, उन्हात उभे राहिल्यावर मात्र तेवढाच भाग निराळ्या रंगाचा दिसतो. खांदा उतरवणे आणि बाण फिरवणे या दोन्ही कृतींत नमुना मोडलाच जातो. तरी पहिलीत ज्याला वस्त्र घालायचे त्याच्याकडे पाहिलेले असते आणि दुसरीत बेतणारीने आपल्या कापडाकडे. सवलत मागावयास येणाऱ्यांतही या दोन जाती असतात, आणि खरे सांगायचे तर सवलत देणाऱ्यांतही असतात.

कोणी म्हणेल, प्रत्येकाने आपापल्या खांद्यासाठी नमुना बदलला तर परंपरा ती काय उरली? इन्व्हर्नेसचा स्वतःचा इतिहास पाहावा. आरंभीच्या कोटाला बाह्या होत्या; पुढे केपखाली त्या निरर्थक वाटून काढून टाकल्या गेल्या, आणि सलग केपच्या जागी दोन बाजूंना दोन पंख आले. मेइजी काळात तो जपानला पोचला. किमोनोच्या रुंद बाह्या पाश्चात्त्य कोटात कोंबता येईनात, या बिनबाह्यांच्या कोटाखाली त्या सहज मावल्या. तेथल्या लोकांनी त्याला 'तोंबी', म्हणजे घार, असे नाव देऊन आपलासा केला. दुसरीकडे हॅरिस ट्वीडचा कायदा पाहा. १९९३च्या या ब्रिटिश कायद्याने शुद्ध नवी लोकर, औटर हेब्रिडीज बेटांवरच तिचे रंगकाम व सूतकताई, आणि तेथल्या रहिवाशांनी आपल्या घरी हातमागावर केलेली विणाई, एवढे बांधून टाकले. त्या कापडाचा कोट कोणी कसा बेतावा याविषयी त्याने एक अक्षरही काढले नाही. कोठे घट्ट राहायचे आणि कोठे सैल, हे कळणाऱ्या माणसांनी तो कायदा लिहिला असावा.

आता मायेकडे. विकतच्या नमुन्यात शिवणीसाठी साधारण दीड सेंटिमीटर माया धरलेली असते. बाईंनी खांद्याला आणि कुशीला त्याच्या दुप्पट ठेवली, कारण जाड लोकरीखाली देह कसा उभा राहील हे मांजरपाट पुरतेपणी सांगू शकत नाही. माया ठेवावयाची ती कापण्याच्या वेळी, गरज उघड होण्यापूर्वी. कात्री फिरल्यावर ती कोठून आणणार? कोट अंगावर नीट बसल्यानंतर त्यांनी तीच माया थर लावून छाटली. जाड लोकरीत आत फार कापड राहिले तर बाहेरून वळ दिसतो आणि पाहणाराला कळते की येथे काही दुरुस्ती झाली आहे. उपकाराची आठवण माणसाच्या अंगावर अशी उठून दिसू नये.

एक प्रश्न बाकी होता. उतरलेल्या खांद्याला शिंपी दोन उपाय करतात: कापड खांद्यासारखे उतरवायचे, किंवा आत गादी घालून खांदा कापडासारखा वर आणायचा. मी मनाशी पहिल्या उपायाच्या बाजूने होतो. माणूस आहे तसा स्वीकारला जावा, असे मला वाटत होते. बाईंनी निर्णय केला नाही, पतीलाच विचारले. ते अडखळत म्हणाले, "लोकांनी मला भेटावं. आधी माझ्या खांद्याला भेटू नये." मग एक बोट कापड उतरवले गेले आणि एक बोट गादी आली. ही वाटणी कोणत्याही नमुन्यात छापलेली नव्हती, आणि मला सुचलीही नसती.

गोल घेराची केप काही भाग उभ्या धाग्यावर, काही भाग उरेब अशी कापली जाते. म्हणून कड दुमडण्यापूर्वी ती काही दिवस टांगून ठेवतात, जिला लांबायचे आहे ती बाजू लांबून घेते. मी परत निघालो तेव्हा केप दारामागे टांगलेली होती. नमुन्याच्या कागदावर छापील रेघा तशाच होत्या, शेजारून लाल पेन्सिलीने नव्या रेघा गेल्या होत्या आणि उजव्या खांद्यापाशी त्यांच्या पतीचे नाव व तारीख लिहिली होती. तो कागद पाकिटात पूर्वीसारखा बसेना. बाईंनी तो इस्त्री फिरवून सपाट केला आणि कपाटातल्या खणात तसाच पसरून ठेवला.