लाल शाई



रोमला परमगुरूंच्या विद्यापीठांत बहुतेक शिकवणे इटालियनमधून चालते. तिथे असताना मी पेरुजाच्या परदेशीयांसाठीच्या विद्यापीठाची ‘चेली ४’ ही वरच्या पातळीची भाषापरीक्षा द्यायचे ठरवले व शिक्षक शोधू लागलो. पहिले गृहस्थ माझ्या प्रत्येक वाक्याला “ब्राव्हो” म्हणत. महिनाभर मी खूश! मग एका निवृत्त शिक्षिकेने माझा निबंध तपासला. ‘क्रेदो के’, म्हणजे ‘मला वाटते की’, म्हटल्यावर पुढच्या क्रियापदाचे रूप बदलते. मी ते पानभर चुकवले होते. सारे पान लाल. खरे सांगतो, मला राग आला.

त्या रात्री प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ वाचला. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचत होता. एवढा मोठा अधिकारी. पण वाचलेले आपल्याला कळत नाही, हे त्याने फिलिपजवळ कबूल केले आणि त्या पायी आलेल्या माणसाला रथात शेजारी बसवून घेतले. त्याचा बाप्तिस्मा तिथून सुरू झाला, असे मला वाटते.

सकाळी मी बाईंकडे परत गेलो. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि लाल पेन उचलले.