नियत आणि चेहरा

शिवाजी पेठेतल्या आम्हा हौशी नटांना छोट्या निर्मात्यांकडे काम मिळते ते बहुधा गर्दीतले. मेहनताना म्हणजे चहा, वडापाव आणि जाण्यायेण्याचे भाडे. त्याची तक्रार नाही. बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'पासून, म्हणजे १९२० पासून, कोल्हापूरला हा नादच आहे.

प्रश्न वेगळा आहे. ऐतिहासिक चित्रपट निघाला की नाव विचारून आम्हाला खानाच्या फौजेत उभे करतात. घरी रांगडी कोल्हापुरी बोलणाऱ्यांनी तिथे भलतेच हिंदी बोलायचे आणि मूर्तीवर घण उगारायचा. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, असे आम्ही एकदा सांगून पाहिले. 'तेवढं बजेट नाही,' हे उत्तर!

कर्माचे मोल नियत ठरवते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. तेव्हा खोटा घण उगारणे हे पाप नव्हे, हे पटते. पण नियत काळजात राहते, पडद्यावर दिसतो तो चेहरा. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी किल्ला केला. दरवर्षी त्यासाठी माती आणणाऱ्या आमच्या लेकाला यंदा ती म्हणाली, 'तू खानाकडनं.' त्यांना आमची नियत कशी कळावी?

नकार दिला तर दुसरा कुणी उभा राहतो, ही पळवाट आम्हीही वापरली. घण उगारलाच. पुढच्या वेळी मावळ्याचे काम मागितले आहे. निरोप अजून आलेला नाही.