परकीय शब्दाचा अर्थ कोणी सांगावा?

जैमिनींच्या मीमांसासूत्रांत पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ‘पिकनेमाधिकरण’ या नावाने ओळखले जाणारे एक छोटेसे अधिकरण आहे. यज्ञयागाशी ज्यांचा काडीचाही संबंध उरलेला नाही, पण ज्यांना नित्य नवे इंग्रजी शब्द शिकावे आणि शिकवावे लागतात, अशा आपल्यासारख्यांनी ते मुद्दाम वाचावे इतके ते आजच्या उपयोगाचे आहे. प्रश्न असा की, पिक, नेम, तामरस यांसारखे जे शब्द वेदात येतात, पण आर्यांच्या व्यवहारात ज्यांचा अर्थ रूढ नाही आणि म्लेंच्छांच्या व्यवहारात मात्र तो रूढ आहे, त्यांचा अर्थ ठरवावा कसा? धातू शोधून, प्रत्यय जोडून, निरुक्त आणि व्याकरण यांच्या बळावर आपणच तो सिद्ध करावा, की पिक म्हणजे कोकिळ, नेम म्हणजे अर्धा, तामरस म्हणजे कमळ, ही म्लेंच्छांची ग्वाही मान्य करावी? पूर्वपक्ष अर्थातच अभिमानाचा आहे: प्रमाण शिष्ट, म्लेंच्छ नव्हेत. सूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी यांनी निवाडा दिला तो याच्या उलट. शिष्टांचे प्रामाण्य डोळ्यांना न दिसणाऱ्या धर्माधर्माच्या प्रांतातले. पक्षी धरण्यात आणि पाळण्यात म्लेंच्छ अधिक जाणते, तेव्हा पक्ष्याचे नाव त्यांनाच विचारावे. आणि ज्या शब्दाचा अर्थ म्लेंच्छांनाही ठाऊक नाही, त्याच्यापुरती निरुक्ताची आणि व्याकरणाची मदत घ्यावी.

हा निवाडा आपण आपल्या इंग्रजी शिक्षणात कितपत पाळला, हे पाहण्यासाठी ‘कॉन्शन्स’ हा एकच शब्द घेऊ. नैयायिकांनी शब्दाची शक्ती कळण्याची आठ साधने सांगितली आहेत: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि परिचित पदाचे सान्निध्य. आपला विद्यार्थी यांतील बहुधा एकच वापरतो, तो म्हणजे कोश. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून कोश उघडावा, प्रतिशब्द पाठ करावा आणि शब्द आला असे समजावे, ही आपली रीत पडून गेली. कॉन्शन्सला ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा प्रतिशब्द रूढ झाला, आणि मग विद्यार्थी अर्थ शोधू लागला तो इंग्रजांच्या बोलण्यात नव्हे, तर त्या समासाच्या विग्रहात. सत् आणि असत्, त्यांचा विवेक, तो करणारी बुद्धी: विग्रह निर्दोष आहे, परंतु शबरस्वामींनी नाकारलेली वाट ती हीच.

व्यवहार पाहू गेल्यास निराळे चित्र दिसते. मूळ लॅटिन शब्दाचा अवयवार्थ ‘सहज्ञान’ असा आहे. म्हणजे आपल्या कृत्याला आपल्याबरोबर जाणणारा कोणी साक्षी त्यात अभिप्रेत आहे. इंग्लंडात चॅन्सेलरला राजाच्या कॉन्शन्सचा रक्षक म्हणत, आणि रूढ कायद्याच्या काटेकोरपणामुळे ज्याची दाद लागत नसे, त्याची फिर्याद त्याच्या दरबारी जाई. सरकारी कर चुकवलेला मनुष्य पुढे मनाच्या टोचणीने निनावी रक्कम खजिन्यात पाठवतो, तिला इंग्रजीत कॉन्शन्सचा पैसा म्हणतात. 1898 च्या देवी टोचण्याच्या कायद्याने, टोचणे मुलाच्या प्रकृतीस अपायकारक आहे अशी आपली प्रामाणिक श्रद्धा असल्याचे मॅजिस्ट्रेटांना पटवून देणाऱ्या पालकाला सूट मिळाली. आणि 1916 साली लष्करी भरती सक्तीची झाली, तेव्हा शस्त्र धरण्यास मन कबूल होत नाही म्हणणाऱ्यांच्या अर्जांची न्यायाधिकरणांपुढे सुनावणी झाली. या चारही ठिकाणी निव्वळ बरेवाईट निवडणारी बुद्धी नाही. आतला साक्षी आहे, त्याची टोचणी आहे, आणि प्रसंगी राजसत्तेपुढे उभे राहण्याचा त्याचा हक्क आहे. बहुमत झुगारून मनाला साक्षीदार करणाऱ्या तुकोबांच्या मराठीत ‘मनाची ग्वाही’ हा शब्द होताच. पदवीधराला तो प्राकृत वाटला असावा. आज राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदात ‘सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ वाचणाऱ्या मराठी माणसाला बुद्धीला स्वातंत्र्य कशासाठी हवे, असा प्रश्न पडतो, याचे कारण हेच.

परंतु येथे एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. शबरांनी म्लेंच्छांना मान दिला तो पक्षी आणि कमळे यांच्यापुरता, जेथे वस्तू डोळ्यांपुढे असते. कॉन्शन्स हा तर धर्माधर्माच्या प्रांतातला शब्द. मग येथेही परकीयांचा व्यवहार प्रमाण मानणे म्हणजे त्यांचे नीतिशास्त्रच मुकाट्याने पदरी घेणे नव्हे काय? शब्दाबरोबर त्यातला ख्रिस्ती सिद्धांतही आत येतो, ही भीती निराधार नाही. तिचे उत्तर दोन चौकशांची गल्लत न करण्यात आहे. शब्द काय सांगतो ही एक चौकशी. तो सांगतो ते खरे आहे काय ही दुसरी. पहिलीत वक्ता प्रमाण, कारण शब्द त्याचा आहे. दुसरीत तो केवळ एक पक्षकार.

या दुसऱ्या चौकशीचा उत्तम दाखला 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आहे. टिळकांनी तेथे पाश्चात्त्यांचा पक्ष आधी त्यांच्याच अर्थाने मांडला आणि मगच खोडला: सदसद्विवेक ही कोणी स्वतंत्र देवता नसून व्यवसायात्मक बुद्धीचाच तो व्यापार आहे, आणि बुद्धी सात्त्विक, राजस, तामस अशी त्रिविध असल्यामुळे प्रत्येकाच्या मनाचा कौल सारखाच प्रमाण धरता येत नाही. कालिदासाचा दुष्यंत शकुंतलेला पाहून, सज्जनांना संदेह पडला असता त्यांच्या अंतःकरणाची प्रवृत्तीच प्रमाण, असे म्हणतो. ते वचन कुमारिलभट्टांनी ‘तंत्रवार्तिका’त आधाराला घेतले असले, तरी त्या क्षणी राजाचे अंतःकरण आणि राजाची अभिलाषा यांचे किती सोयीस्कर एकमत होते, हे वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. त्यातला ‘सज्जनांच्या’ हा शब्द काढला, तर प्रत्येक अभिलाषेला सनद मिळेल. सारांश, मनाच्या ग्वाहीलाही उलटतपासणी हवी. पण ती घेण्याआधी साक्षीदार काय म्हणाला ते नीट ऐकलेले असले पाहिजे.

आपल्याकडे दोन्ही बाजूंनी नेमके उलट घडते. एक पक्ष अर्थ आपला लावून परकीयांचे मत आधीच खोडतो. दुसरा शब्द घेतो आणि त्याबरोबर मतही, न तपासता, घेऊन टाकतो. पहिल्याला ज्ञान होत नाही, दुसऱ्याला विवेक राहत नाही. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला इतकीच विनंती की, नवा शब्द भेटताच प्रतिशब्दाची घाई करू नये. ज्यांचा तो शब्द आहे त्यांची निरनिराळ्या प्रसंगांतली वाक्ये आधी वाचावीत, कोशाला त्यांच्या मागून साक्षीला बोलवावे, आणि अर्थ पुरता कळल्यावर तो मान्य करायचा की नाही, हा अधिकार मात्र कोणालाही देऊ नये.