दृष्ट आणि अदृष्ट

सातपुड्याचे डोंगर उतरून जमीन जेथे नागपूरच्या मैदानाकडे झुकू लागते, तेथे सौंसर आणि पांढुर्णा ही दोन गावे आहेत. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, हा मुलूख मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशात राहिला, आणि २०२३ साली त्याचा पांढुर्णा नावाने स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु दफ्तराची भाषा कोणतीही असो, घरातली, बाजारातली आणि दुखण्याखुपण्याची भाषा येथे मराठीच राहिली. पोळा आला की जाम नदीच्या काठावरच्या या गावांत बैलांची खांदमळणी होते, त्यांना पुरणपोळीचा घास मिळतो. पण त्याच दमट दिवसांत संत्र्याच्या बागेची राखण करणारा कुत्रा शेपटीच्या बुडाशी स्वतःचे अंग चावून रक्तबंबाळ करतो, आणि त्याच्याविषयी तीन निवाडे ठरल्यासारखे दिले जातात: त्याला उष्णता झाली, त्याला कोणाची नजर लागली, किंवा तो मागल्या जन्मीचे भोगतो आहे. मग मोटारीचे जळके तेल त्याच्या अंगाला चोपडतात. ते तो चाटतो, आधीच सोललेली कातडी आणखी पोळते, आणि त्याचे हाल दुप्पट होतात.

या तीन निवाड्यांपैकी तिसऱ्याचा विचार मला येथे करावयाचा आहे, कारण त्याच्या पाठीशी आपल्या धर्मविचाराची मोठी परंपरा उभी आहे, असे आपण समजतो. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण म्हणून अदृष्टाचे, म्हणजे पूर्वकर्माच्या न दिसणाऱ्या फळाचे, नाव घेण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, दृष्ट कारणांचा शोध अखेरपर्यंत झाल्यावाचून तो प्राप्त होत नाही; आणि जो जीव स्वतःची कैफियत मांडू शकत नाही, त्याच्या बाबतीत हा शोध घेणे हाच धर्म होय.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू; अशा खाजेमागे पुष्कळदा अ‍ॅलर्जी, म्हणजे वावडे, असते. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना टोचून त्यांच्यात प्रतिकारशक्ती निर्माण होते काय, याचे प्रयोग केले. तेव्हा पहिली मात्रा सहन केलेला कुत्रा काही दिवसांनी दिलेल्या अल्प मात्रेनेच काही मिनिटांत मृत्युमुखी पडला. हा शोध १९०२ साली प्रसिद्ध झाला, १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केट याने अशा विपरीत प्रतिक्रियांना अ‍ॅलर्जी हे नाव दिले, आणि १९१३ साली रिशेला नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराची रक्षणाची व्यवस्थाच निरुपद्रवी द्रव्याला शत्रू समजून स्वतःचा घात करू शकते, हे ज्ञान मनुष्याला कुत्र्याच्या प्राणाच्या मोलाने मिळाले. आणि ज्या संस्कृतीने देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानले, तिच्या वारसांना हे चौथे ऋण नाकारता येणार नाही.

ते फेडण्याचा मार्ग कारणाच्या शोधातून जातो, आणि त्या मार्गाचे नियम आपल्याकडे फार पूर्वी घालून दिलेले आहेत. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा न्यायशास्त्राचा ग्रंथ ज्यांनी वाचला आहे, त्यांना ठाऊक असते की, कार्याच्या पूर्वी केवळ असणे एवढ्याने कोणतीही वस्तू कारण ठरत नाही. ती नियमाने असावी लागते, आणि शिवाय अन्यथासिद्ध, म्हणजे जिच्यावाचूनही कार्य घडू शकते अशी, नसावी लागते. कुंभाराचे गाढव माती वाहून आणते, घट होण्यापूर्वी ते तेथे उभे असते, तरी नैयायिक त्याला घटाचे कारण मानीत नाहीत. बांधाबांधावर माजलेल्या गाजरगवताचेच पाहा. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याजवळ प्रथम नोंदले गेलेले हे तण देशभर पसरले, आणि माणसांत त्याने उग्र त्वचारोग होतो हे सिद्ध झाले आहे. म्हणून त्यातून हिंडणाऱ्या कुत्र्याच्या खाजेचे खापर त्याच्यावर फोडण्याचा मोह होतो. संशयाला तेथे जागा आहे. परंतु गवत उपटल्यावर खाज थांबली आणि संबंध येताच परतली, असे अन्वय आणि व्यतिरेक या दोहोंनी दिसल्याशिवाय निवाडा देणे हा अन्याय ठरतो.

म्हणून शोधाला क्रम हवा, आणि तो जवळून दूर जाणारा हवा. खाज अंगावर कोठे आहे, हीच त्या मुक्या जीवाची पहिली जबानी. कंबर, शेपटीचे बूड आणि मांड्यांची मागली बाजू सोललेली असेल, तर पिसवांचा संशय प्रथम घ्यावा. कापसाच्या या मुलखात त्याची परीक्षा घरच्या घरी होते: तेथील केस विंचरून पडलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवली, की थोड्याच वेळात तिच्याभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरतो, कारण ती माती नसून पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचेच पचलेले रक्त असते. पिसवेच्या लाळेचे वावडे असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात, म्हणून अंगावर पिसू दिसली नाही एवढ्यावरून तिला निर्दोष ठरवता येत नाही. शिवाय अंगावर फिरणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या शेकडा पाचच्या आसपास. बाकीची अंडी, अळ्या आणि कोश ओसरीच्या भेगांत आणि निजण्याच्या पोत्यात दडलेले असतात. कानांच्या कडा आणि कोपरे खरुजलेली असतील, आणि घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर ती अ‍ॅलर्जी नसून सूक्ष्म किडीची लूत असण्याचा संभव मोठा. आणि जनावरांच्या दवाखान्यात कातडी खरवडून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हा त्याचा पंचनामा होय; जंतुसंसर्गाचा तपासही तेथेच व्हावा.

एवढे होऊनही खाज बारमाही राहिली, तर अन्नाकडे वळावे लागते, आणि येथे आपल्या धर्मभावनेची खरी कसोटी लागते. वैश्वदेवाच्या विधीत कुत्र्यासाठी घास काढण्याची आज्ञा आहे. ती आज्ञा थोर आहे, परंतु प्रेमाने टाकलेली दूधभाकरच एखाद्या कुत्र्याच्या यातनेचे कारण असू शकते. शोधाची रीत अशी की, त्याने पूर्वी कधीही न खाल्लेले असे एक प्रथिन आणि एक पिष्ट ठरवून, किमान आठ आठवडे त्याखेरीज दुसरे काही द्यावयाचे नाही. खाज ओसरली तर जुने अन्न पुन्हा सुरू करून ती परतते काय, हे पाहावयाचे. आयुर्वेदाने निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी रोगज्ञानाची पाच साधने सांगितली, त्यांतील उपशय तो हाच: आहारविहाराने रोग शमतो की वाढतो, यावरून त्याचे स्वरूप ओळखणे. हे सर्व कुटुंबाचे व्रत आहे. एका पोराने लाडाने दिलेले बिस्किट किंवा शेजारणीने टाकलेली शिळी पोळी सारे आठवडे फुकट घालवते. आणि म्हणून वाटेल ते देणाऱ्या दयेपेक्षा हात आखडता घेणारी जाणती दया अधिक कठीण आणि अधिक धर्म्य आहे.

आता कर्माचा आक्षेप. कोणी म्हणेल, प्रारब्ध भोगूनच संपते, तर मध्ये पडणारे आपण कोण? परंतु ज्या शास्त्राने पशुयोनीला भोगयोनी म्हटले, त्यानेच मनुष्याला कर्माचा अधिकार दिला. तेव्हा कुत्र्याचे भोग हा माझ्या निष्क्रियतेचा दाखला होऊ शकत नाही, माझ्या कर्तव्याचे ते स्थान आहे. कर्मसिद्धान्त हा मनुष्याने स्वतःच्या आचरणाची तपासणी करण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या जखमेवर तो लावला की त्याचे आरोपपत्र होते. महाभारताच्या आदिपर्वात, पौष्यपर्वाच्या आरंभी, जनमेजय राजाच्या यज्ञभूमीवर आलेल्या, सरमा नावाच्या कुत्रीच्या पुत्राला राजाचे भाऊ मारतात. हवीकडे आपण पाहिलेही नाही की ते चाटलेही नाही, असे तो आईला सांगतो. सरमा त्या भर सत्रात जाऊन विचारते की, माझ्या निरपराध पुत्राला का मारले? कोणी उत्तर देत नाही, आणि त्या मौनावर तिचा शाप पडतो. एका कुत्रीने मागितलेले कारण राजकुलाला सांगता आले नाही, ही गोष्ट व्यासांनी एवढ्या विशाल ग्रंथाच्या प्रारंभीच ठेवली आहे. तिच्यातून मी इतकेच घेतो की, निरपराध जीवाच्या वेदनेचे कारण विचारले गेले असता गप्प राहणे हाही अपराध आहे.

पिसवा, लूत, जंतुसंसर्ग आणि अन्न ही सर्व कारणे एकामागून एक बाद झाल्यावर जे उरते, ते बहुधा धूळकिडे, बुरशी किंवा पराग यांचे वावडे. रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीने एकदम तेथे उडी मारता येत नाही. त्या चाचण्या रोग ठरवीत नाहीत, रोग ठरल्यावर कोणत्या द्रव्यांची लस द्यावी एवढेच सांगतात. हा विकार बहुधा जन्मभर सोबत करतो, आणि तो याच जीवाच्या वाट्याला का आला, याचे अखेरचे उत्तर कोणत्याही दवाखान्यात नाही. येथे अदृष्टाचे नाव घेण्यास माझी हरकत नाही. सौंसर तहसिलीतल्या जामसावळीला, पहुडलेल्या हनुमंतापुढे, असाध्य पीडा घेऊन दुरून लोक येतात. त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो. परंतु त्या दारात आपल्या मुक्या सोबत्यासाठी हात जोडणाऱ्याने आधी त्याचे निजण्याचे पोते उन्हात घातलेले असावे, ओसरीच्या भेगा झाडलेल्या असाव्यात, ठरलेला आहार दिवस मोजून पाळलेला असावा आणि डॉक्टरने दिलेले औषध वेळेवर पोटात घातलेले असावे. दृष्टाचे एवढे देणे ज्याने चुकते केले, त्याच्याच तोंडी अदृष्ट हा शब्द नम्रतेचा ठरतो; इतरांच्या तोंडी ती केवळ पळवाट असते.